‘ऐक्वोर’ म्हणजे समुद्र की सपाटी?

प्रश्न असा आहे: व्हर्जिलचं लॅटिन महाकाव्य ‘एनीड’ मुळातून वाचायला घेतलंय. समुद्राला ‘मरे’ हा शब्द पाठ होता, पण पहिल्याच सर्गात ‘ऐक्वोर’, ‘अल्तुम’, ‘साल’, ‘पोन्तुस’ भेटले. कोशात सगळ्यांपुढे समुद्रच. समानार्थी म्हणून घोकून टाकायचे का?

घोकू नका. ओळीचा अर्थ लागेल, पण चित्र हातचं जाईल. ‘ऐक्वोर’ हा ‘ऐक्वुस’ म्हणजे समतल यावरून आलेला. शेतीवरच्या काव्यात व्हर्जिल नांगराने फाडायच्या जमिनीलाही हाच शब्द वापरतो. ‘अल्तुस’ म्हणजे उंच आणि खोलही, त्यामुळे ‘अल्तुम’ हा तळ न लागणारा समुद्र. आणि ‘साल’ तर चक्क मीठ! पहिल्या सर्गाच्या ३५व्या ओळीत ट्रॉयचे लोक खुशीत शिडं सोडून ‘स्पूमास सलिस ऐरे रुएबान्त’, म्हणजे मिठाचा फेस काशाने उधळत निघालेत. मीठ म्हणजे समुद्र, कासं म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला ठोकलेला पत्रा. ‘समुद्र’ आणि ‘जहाज’ एवढंच पाठ असेल तर ही ओळ बेचव लागते.

समुद्राला इतके शब्द येण्याचं दुसरं कारण वृत्ताचं, आणि ते आपल्याला पटकन कळतं. ओळीत सहा गण. प्रत्येक गण एकतर आपला भगण (गुरू, लघू, लघू) किंवा दोन गुरू. शेवटचा मात्र दोनच अक्षरांचा. ‘मरे’चं अनेकवचन ‘मरिआ’, तीन लघू (आपल्या लिपीत ‘आ’, ‘ओ’ दीर्घ दिसले तरी लॅटिनमध्ये इथे ते ऱ्हस्वच), म्हणजे नगण. बसणार कुठे? पुढच्या शब्दाच्या स्वरात शेवटचा ‘आ’ जिरवला तरच. म्हणून ३२व्या ओळीत ‘मरिआ ओम्निआ’ आणि ५८व्या ओळीत ‘मरिआ आक तेर्रास’. ‘ऐक्वोर’चं अनेकवचन ‘ऐक्वोरा’ मात्र आयता भगण, शेवटचा गण सोडून कुठेही ठेवा. (‘इम्पेरातोर’, म्हणजे सेनापती, तर मुळीच बसत नाही, व्हर्जिलच्या आधीचा कवी एन्निउस याने त्याचं ‘इन्दुपेरातोर’ करून वेळ भागवली होती.)

जहाजाचंही तसंच. ‘पुप्पिस’ म्हणजे मागची बाजू, ‘करीना’ म्हणजे तळाचा कणा (हो, उच्चार जवळपास तसाच), पण दोन्हींचा अर्थ अख्खं जहाज.

तेव्हा वहीत शब्दापुढे आधी मूळ अर्थ लिहा, मग काव्यातला, आणि खाली ज्या ओळीत भेटला ती ओळ. ‘इग्निस’, ‘नाविस’ यांवर वेळ घालवू नका, ते अग्नी आणि नौ यांचेच भाऊबंद. ‘विर’ही वीराचा सख्खा, फक्त लॅटिनमध्ये तो साधा पुरुषही असतो.