प्रश्न: वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ७.२ आलाय. डॉक्टरांनी बायोप्सीआधी (सुईने तुकडा काढून तपासण्याआधी) प्रोस्टेटचा एमआरआय सांगितलाय, त्यात 'डिफ्युजन' हवंच म्हणाले. शेवटी सुई टोचायचीच असेल तर एमआरआयचा खर्च कशाला?

उत्तर: मी कोल्हापुरात एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं रेडिओलॉजिस्टचं काम, पण हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो.

डिफ्युजनमध्ये मशीन पेशींभोवतालच्या पाण्याची हालचाल टिपतं. पहाटे रंकाळ्यावर माणूस मोकळा फिरतो, नवरात्रात महाद्वार रोडवर तोच जागच्या जागी अडकतो. तसंच इथे. निरोगी प्रोस्टेटमध्ये पाण्याला फिरायला जागा असते. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात आणि पाणी कोंडतं. ती जागा डिफ्युजनच्या चित्रात पांढरी, तर एडीसी नावाच्या जोडचित्रात काळी दिसते. नुसती पांढरी दिसली तर फसगत होऊ शकते, म्हणून दोन्ही ताडून बघतात. बहुतेक कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात होतात, आणि तिथला पाय-रॅड्स गुण (कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा, १ ते ५) मुख्यतः डिफ्युजनवरच ठरतो. यासाठी इंजेक्शनही लागत नाही.

आता सुईचं. ती टळेलच असं नाही, पण टळू शकते. २०१८ च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. आधी एमआरआय केलेल्यांपैकी २८ टक्क्यांना बायोप्सी लागली नाही. तरीही उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा कॅन्सर त्या गटात ३८ टक्क्यांना सापडला, थेट बायोप्सीवाल्यांत २६ टक्क्यांना. सुई अंदाजाने न जाता संशयाच्या जागी जाते, हा फरक. मात्र ४-५ गुण म्हणजे कॅन्सरच असं धरून रात्र जागू नका. प्रोस्टेटची सूज किंवा टीबीही असाच दिसतो.

रिपोर्टात प्रोस्टेटचं आकारमान असतं, तेही बघा. ६० सीसीच्या ग्रंथीत ७.२ आणि ३० सीसीत ७.२ यांचा अर्थ डॉक्टर वेगवेगळा लावतात.

आणि हो, आदल्या दिवशी मिसळ नको! हसू नका. गुदाशय प्रोस्टेटला चिकटून मागेच असतो. त्यात गॅस असला की नेमकं डिफ्युजनचंच चित्र वेडंवाकडं येतं. सकाळी पोट साफ करून आणा. खुब्यात धातूचा सांधा असला तरी तोच त्रास होतो. तो किंवा पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, काकांना गाऊन घातल्यावर नको.