मालिकेत थोरल्या चुलतीचं काम मिळालंय, पण संवाद फार थोडे आहेत. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत हौशी नाटकांतून बरीच वर्षं कामं केलीत. आता साताऱ्याजवळ चित्रीकरण असलेल्या रोजच्या मालिकेत शेतकरी घरातल्या थोरल्या चुलतीचं काम मिळालंय आणि दहा माणसांच्या प्रसंगात वाट्याला दोन-तीनच वाक्यं येतात. मी मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक म्हणून कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं ठेवायचं काम, सांभाळते, त्यामुळे त्या बाजूनं सांगते.

वाक्यं थोडी म्हणजे काम थोडं, हे आधी मनातून काढून टाका. नायक-नायिका भांडत असतात, पण ते भांडण एका घरात चाललंय हे प्रेक्षकाला पटतं ते मागं कुणीतरी लसूण सोलत बसलेलं असतं म्हणून. दूरदर्शनवरच्या 'हम लोग'ला (१९८४-८५) इतकी वर्षं झाली, तरी सुषमा सेठ यांची दादी लोकांच्या लक्षात आहे. तुमच्याच भागातलं उदाहरण म्हणजे 'लागिरं झालं जी'मधली जिजी. ते काम करणाऱ्या कमल ठोके कराडच्या, पेशानं शिक्षिका होत्या. जिजी आठवते ती कुठल्या मोठ्या भाषणामुळे नाही, ती घरातलीच वाटायची म्हणून.

चुलती घरातली वाटते ती हातातल्या कामामुळे. म्हणून प्रसंग वाचला की पहिला विचार संवादाचा नको, या वेळी ही बाई काय करत असेल याचा करा आणि आदल्या दिवशीच आर्टवाल्यांना, म्हणजे सेटवरचं सामान मांडणाऱ्यांना, सांगून ठेवा. काम निवडताना आवाजाचा विचार हवा, कारण आवाज तिथंच, त्याच वेळी रेकॉर्ड होतो. शेंगा फोडल्या की कडकड येते, सुपात पाखडलं की दुसऱ्याचं वाक्य बुडतं, स्टीलच्या ताटात काहीही टाकलं की खणखणतं. लसूण सोलणं, घेवडा निवडणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या घालणं ही मुकी कामं, लांब प्रसंगाला तीच बरी. ताटाऐवजी बुट्टी किंवा सूप मागा. काचेच्या बांगड्या हव्यातच, पण किती ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. बारा-बारा घातल्या तर प्रत्येक हालचाल माइकवर ऐकू येते.

भाकरीचा प्रसंग तुम्हाला येणारच, तेव्हा तो नीट समजून घ्या. पडद्यावर दीड मिनिटाचा प्रसंग घ्यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. आधी मास्टर, म्हणजे सगळी माणसं एकत्र दिसतील असा शॉट, मग एकेकाचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले शॉट. भाकरी मात्र दोन-तीन मिनिटांत भाजून होते. त्यामुळे एका प्रसंगाला बारा-पंधरा भाकरींचं पीठ लागतं. सगळं एकदम भिजवून ठेवलं की ज्वारीचं पीठ सुकतं, थापताना कडा फाटतात आणि क्लोजमध्ये भाकरी तुटते. दोन-तीन भाकरींपुरतंच ऊन पाण्यात मळा, गोळे ओल्या फडक्याखाली ठेवा आणि पुढचं पीठ दोन टेकच्या मधल्या वेळात मळा. टेक थांबला की तवा तापतच राहतो आणि पुढची भाकरी टाकताक्षणी करपते. म्हणून 'कट' झालं की चुलीतलं लाकूड मागं ओढायला एकाला सांगून ठेवा. थापण्याची थपथप दुसऱ्याच्या वाक्यावर येऊ देऊ नका. तो बोलत असताना पीठ पसरा, पाण्याचा हात फिरवा, तो थांबला की थापा. आणि कुणाचं डोळ्यांतून पाणी काढणारं वाक्य चालू असताना तव्यावरची भाकरी टम्म फुगली, तर अख्खा महाराष्ट्र भाकरीकडं बघतो. त्या जागी भाकरी तव्यावर नको, हातातच असू द्या.

मास्टरमध्ये जे केलं ते क्लोजमध्ये जसंच्या तसं, त्याच शब्दावर करायला लागतं. नाटकात रोज थोडं बदललं तर चालतं, इथं दोन शॉट जुळतच नाहीत. संवादाच्या कागदावर शब्दाभोवती गोल करा: 'कुठं गेलती?' या वाक्यातल्या 'कुठं'वर पीठ पसरायला सुरुवात, 'बोल की' वर हात थांबला. मास्टरमध्ये हौसेनं पाच गोष्टी करणारी माणसं क्लोजला अडकतात. दोनच करा, पण लक्षात ठेवून करा. प्रत्येक प्रसंग संपला की मोबाईलवर स्वतःचा फोटो काढून ठेवा. पदर कुठल्या खांद्यावरून, कमरेला खोचलेला की मोकळा, कुंकू किती मोठं, हात पिठाचे की धुतलेले, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. आज उंबऱ्यातून आत येतानाचा शॉट घेतात आणि त्याचा बाहेरचा भाग आठवड्यानं, तेव्हा तोच फोटो उपयोगी पडतो.

आता रिअॅक्शन. मोठं वाक्य पडलं की घरातल्या प्रत्येकाचा क्लोज घेतात. डोळे विस्फारणं, तोंडावर हात नेणं, मान हलवणं हे सगळं एका शॉटमध्ये केलं की संकलकाला त्यातलं काहीच नीट वापरता येत नाही. एकच हालचाल ठेवा आणि 'कट' ऐकू येईपर्यंत सोडू नका. वाक्य संपल्यावरचे चार-पाच सेकंद सगळ्यात मोलाचे असतात, आणि नाटकातली माणसं नेमकी तिथंच सैल पडतात. समजा, पुतणी म्हणाली, 'मी हे लग्न करणार नाही.' नवखी चुलती पुतणीकडं बघते. अशा घरातल्या चुलतीची नजर आधी थोरल्या मालकाकडं जाते, कारण भीती त्यांच्या बोलण्याची असते. हातातली लसणाची पाकळी अर्धी सोललेली तशीच राहते. नजर मालकाकडं, मग खाली पाकळीवर. एवढ्यात सगळं कळतं. फक्त कॅमेऱ्याच्या डावीकडं बघायचं की उजवीकडं, हे प्रत्येक क्लोजआधी विचारून घ्या. क्लोजच्या वेळी समोरचा नट तिथं असेलच असं नाही. कधी नुसत्या स्टँडकडं बघून बोलावं लागतं.

बोलीकडं खास लक्ष द्या. साताऱ्याकडं 'काय करतीयास', सांगली-मिरजेकडं 'काय करालीयास'. सांगलीकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी जातो की' म्हणतात. तुमच्या तोंडी ते सहज येईल, पण गोष्टीतलं घर साताऱ्याकडच्या कोरेगावचं असेल तर ते खटकेल. यावर एक सोपा तोडगा आहे: चुलतीचं माहेर मिरजेकडचं आहे असं दिग्दर्शकाकडून आणि संवादलेखकाकडून सुरुवातीलाच मान्य करून घ्या. लग्न होऊन आलेल्या बाईची बोली माहेरचीच राहते, कुणाला खोटं वाटणार नाही. मात्र एकदा ठरलं की शेवटच्या भागापर्यंत तेच. गावाकडची बाई दाखवायची म्हणून 'पानी', 'लोनी' करू नका. आपल्या भागात 'ण' शाबूत आहे, इथली अडाणी म्हातारीसुद्धा पाणी 'पाणी'च म्हणते. 'व्हय', 'न्हाय', 'हितं', 'कवा' एवढ्यानं बोली येते, प्रत्येक वाक्यात ठासायची गरज नाही. कुणाला काय हाक मारायची तेही पहिल्याच दिवशी लिहून घ्या: सासूला आत्ती, सासऱ्याला मामंजी, दिराला भावजी, नणंदेला वन्सं. नवऱ्याला नुसतं 'अवं'. कागदावर 'काकू' नि 'सासूबाई' असेल तर विचारून बदला. आणि बोलीसाठी शब्द बदलले तरी वाक्याचा शेवटचा शब्द तोच ठेवा, समोरच्याची क्यू, म्हणजे बोलायला लागायची खूण, त्यावर असते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'मला काय माहीत आहे' याचा. एका दिवसात तीन वेगळ्या भागांतले प्रसंग घेतात, तेही उलटसुलट. पुतण्यानं जमीन गहाण टाकलीय हे चुलतीला दोन भागांनंतर कळणार असतं, आणि आज सकाळी त्यानंतरचा प्रसंग करून झालेला असतो. दुपारी आधीचा प्रसंग करताना चेहऱ्यावर ते ओझं राहून जातं. एक वही ठेवा आणि त्यात भाग क्रमांक, प्रसंग क्रमांक, गोष्टीतला दिवस, कुणाशी अबोला आहे, कुठलं गुपित कळलंय ते लिहा. शॉटला उभं राहण्याआधी तेवढी एक ओळ वाचली तरी पुरते. कागद बऱ्याचदा त्याच सकाळी हातात पडतो, तेव्हा ही वहीच तुमची तालीम.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय इथं निम्म्यावर आणावी लागेल. माइक पदराखाली, छातीशी असतो. नवी, कडक कांजी केलेली साडी त्यावर घासते आणि खरखर येते. वेशभूषेकडून दोनदा धुतलेली सुती साडी किंवा जुनं इरकल मागून घ्या. आवाज लहान करताना जोडाक्षरं आणि वाक्याचा शेवट गिळू नका. नाटकवाल्यांचं आवाज कमी करताना पहिलं तेच जातं.

करारात महिन्याला किमान किती दिवस काम मिळणार, मानधन दिवसावर की भागावर, ते किती दिवसांनी जमा होणार (तीन महिन्यांची मुदत सर्रास असते), राहण्याची सोय कुणाची आणि सांगलीहून येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, हे लेखी घ्या. चुलती चार भाग दिसलीच नाही असं होतं, तेव्हा किमान दिवसांची अट नसेल तर महिना कोरडा जातो. आणि आठवड्याचं वेळापत्रक मागताना संकोच करू नका. घेवडा हवा की लसूण, हे आर्टवाल्यांना सांगायलाही तेच लागतं.