आजीचं मराठी सुधारू नकोस

प्रिय पोरी,

आजीच्या आठवणी लिहून घेताना ती तीच गोष्ट दर वेळी वेगळी सांगते म्हणून तू गोंधळलीस. एकदा म्हणाली झोळी लिंबाला बांधली होती, पुढच्या वेळी बाभळीला. खरं कोणतं, विचारतेस. दोन्ही लिहून ठेव, तारखेसकट. झाडाचा निकाल लावायची घाई कशाला?

मला काळजी वाटली ती तू पाठवलेली दोन पानं वाचून. '1972 च्या दुष्काळात आम्हाला अत्यंत हालअपेष्टा सहन कराव्या लागल्या.' हे आजी बोलली? खडी फोडलेली बाई 'हालअपेष्टा' म्हणते? तिचे शब्द बदलू नकोस. एकही नाही.

रागावून लिहितोय, कारण हेच मी केलंय. माझी आईही, तुझ्या आजीसारखीच, त्याच साली दुष्काळी कामावर होती. पुढे तिच्याकडून ऐकून मी शंभर पानी वही भरली, सगळी पुस्तकी मराठीत. 'अन्नधान्याची तीव्र टंचाई होती', असं. आता आई नाही, आणि वहीतही ती कुठे सापडत नाही. तिचं एकच वाक्य जसंच्या तसं राहिलंय, तेही मागच्या पुठ्ठ्यावर, घाईत पेन्सिलीनं लिहिलेलं: "मिलोची भाकर तव्यावच फाटायची. गिळंना बी अन् टाकवंना बी." परदेशातून आलेल्या त्या तांबड्या ज्वारीबद्दल माझ्या शंभर पानांत याच्या जवळपास जाईल असं काही नाही.

शाळेत माझ्या 'व्हतं'वर लाल शाई फिरलेली, वर्ग हसलेला. आईला कुणी हसू नये म्हणून मी तसं लिहिलं. तिला जपतोय असंच वाटत होतं मला, आणि त्या वयात दुसरं काही सुचलंही नसतं. तुझं तसं नाही. तुझ्या हातात फोन आहे. रेकॉर्ड कर, आणि उतरवून घेताना शब्द बदलू नकोस.

'तेव्हा तुला कसं वाटलं?' हे विचारणं आधी बंद कर. 'काय वाटायचंय' म्हणून ती गप्प बसणार. हातोडा घरचा होता की कामावर मिळायचा, ते विचार. खडीचं माप कोण घ्यायचं? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा की सही? कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, वाटायचे, ती कशात घ्यायची, पदरात की ताटलीत?

या रविवारी सुकडीचं एवढंच विचार. मग मध्ये बोलू नकोस. ती चहा टाकायला उठली तरी रेकॉर्डिंग चालू राहू दे.

तुझा काका