रंगूनहून पुढे कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आजी रंगूनच्या अँग्लो-बर्मी घरातली. तिचा धाकटा भाऊ १९५०च्या सुमारास ऑस्ट्रेलियाला गेला, एवढंच घरात सांगतात. त्याचा माग कसा काढावा?

उत्तर : शोध रंगूनपासून सुरू करू नका. माणूस जिथे पोहोचला, तिथून मागे यायचं. ब्रह्मदेशातून ऑस्ट्रेलियाला गेलेली अनेक अँग्लो-बर्मी कुटुंबं पर्थ परिसरात स्थिरावली. त्यांच्या फायली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि अभिलेखागाराची ‘रेकॉर्डसर्च’ ही सूची घरबसल्या पाहता येते. आडनाव टाकून शोधा. स्थलांतराच्या पुष्कळ फायलींच्या शीर्षकातच नाव, जन्मतारीख आणि जहाज लिहिलेलं असतं. नावांची गर्दी झाली तर ‘रंगून’ हा शब्द जोडण्याचा मोह होतो, पण जन्मगाव शीर्षकात नसलेल्या फायली मग गळून पडतात. त्यापेक्षा जन्मसालाने गाळा. ‘अजून तपासलेली नाही’ असा शेरा असलेली फाइल खुली करून मागण्याचा अर्ज तिथूनच करता येतो, आणि तो जरूर करावा.

कारण त्या फायलींत मोठं घबाड असतं. त्या काळी ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनाच थारा देण्याचं धोरण होतं, म्हणून मिश्र वंशाच्या अर्जदाराला आपला वंश प्रामुख्याने युरोपीय असल्याचं पटवून द्यावं लागे. त्यासाठी आईवडील, आजी-आजोबांची माहिती, बाप्तिस्म्याचे दाखले, फोटो असं सगळं जोडलं जाई. माणसाचा वर्ण असा टेबलावर तपासला जाणं अपमानाचंच होतं, पण ते कागद आज नातवंडांच्या कामी येतात. फक्त त्यातलं वंशाचं विधान जसंच्या तसं मानू नका. प्रवेश मिळावा म्हणून बर्मी आजीचा उल्लेख टाळण्याचं कारण अर्जदाराकडे होतं. मूळ नोंदीशी ताडून पाहा.

प्रश्न : पण मूळ नोंदी कुठून आणायच्या? चर्चच्या वह्या युद्धात गेल्या म्हणतात.

उत्तर : बऱ्याच गेल्या. पण त्यांच्या नकला युद्धाआधीच लंडनला रवाना होत असत. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या दप्तरात आहेत आणि ‘फाइंडमायपास्ट’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा दिसतात. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदी बंगालच्या मालिकेत, म्हणजे ‘एन/१’मध्ये शोधाव्यात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचं गाव मिळतं, लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावं. म्हणून एक पिढी मागे जायला लग्नाची नोंद आधी गाठा. कॅथलिक चर्चांच्या नकला मात्र अपुऱ्या आहेत. बौद्ध, हिंदू, मुसलमान कुटुंबं या दप्तरात सापडणार नाहीत.

मराठी माणूस इथे हमखास फसतो तो ‘बसीन’ या गावापाशी. इंग्रजी कागदांत ब्रह्मदेशातलं पाथेन आणि आपली वसई या दोन्ही गावांचं स्पेलिंग एकच. नोंद ‘एन/१’मधली असेल तर ते इरावतीच्या मुखाजवळचं बसीन. ‘एन/३’ ही मुंबईची मालिका, तिथे वसई.

प्रश्न : शेजारच्या बर्मी कुटुंबातल्या दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी आहेत. कागद चुकलेत का?

उत्तर : नाही. बर्मी नावात आडनाव नसतंच. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचं नाव फक्त ‘थांट’, ‘ऊ’ हे मानाचं संबोधन. त्यांच्या एका भावाचं नाव टिन माउंग. परदेशात फॉर्म भरताना शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात जातो, कधी ‘ऊ’ किंवा ‘डॉ’च (बाईमाणसाचं मानाचं संबोधन, डॉक्टर नव्हे) आडनाव होऊन बसतं. म्हणून नावाचा प्रत्येक शब्द आडनाव समजून वेगवेगळा शोधा.

पडताळणीला जन्मवार उपयोगी पडतो. परंपरेने नावाचं पहिलं अक्षर वारावरून ठरतं : सोमवारी क-वर्ग, मंगळवारी च-वर्ग (उच्चारात बहुधा ‘स’), गुरुवारी प-वर्ग, शनिवारी त-वर्ग, रविवारी स्वर. सगळेच ही रीत पाळत नाहीत, त्यामुळे वार जुळला नाही म्हणून माणूस बाद करू नका.

प्रश्न : ब्रिटनला गेलेल्यांचं काय?

उत्तर : बिबी आणि हेंडरसन या कंपन्यांची जहाजं रंगूनहून ब्रिटनला जात. बंदरावर उतरलेल्यांच्या याद्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘बीटी २६’ या मालिकेत १९६०पर्यंतच्या आहेत. त्यात वय, व्यवसाय आणि ब्रिटनमध्ये कुठे उतरणार तो पत्ता असतो. हा पत्ता बहुधा आधी गेलेल्या नातलगाचा, म्हणून तो आवर्जून टिपून घ्या. कोणी १९४२मध्ये पायी आसामात आला आणि पुढे मुंबईहून बोटीत बसला, तर त्याच्या नावापुढे बंदर मुंबईच असणार. रंगून टाकून तो सापडणार नाही. विमानाने गेलेल्यांची नावं या याद्यांत नाहीत.