वेल मोजणाऱ्या मुलीच्या वडिलांना

भाऊ, दारव्हा तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी पीसीबी, नीटमध्ये गुण बेताचे. सोयाबीनचे पैसे घालून तिला लातूरला रिपीटर बॅचला धाडायचं तुम्ही ठरवलंय आणि ती कृषीला जाते म्हणून अडून बसलीय. "घरामागे रताळ्याचे वेल मोजत बसते, तिला समजवा," असं तुम्ही लिहिता.

मला गुणांपेक्षा पुढचं वाक्य खटकलं: "डॉक्टर झाली तर गावात मान वर करून चालता येईल." मान तुमची आणि वर्ष मात्र तिचं? पत्रभर तिचं स्वतःचं म्हणणं एकदाच येतं, तेही तक्रार म्हणून. तिने वेलांना युरिया टाकू दिला नाही.

बरोबर केलं तिने. वेल माजला की रताळी भरणारच, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की वेल पानं काढत सुटतो आणि मुळं पोसायची राहतात. कोणती मुळं फुगणार हे लागवडीनंतर पहिल्या दीड-दोन महिन्यांतच बरंचसं ठरतं. पुढे पानांतली साखर मुळांत उतरायला पालाश, म्हणजे पोटॅश, लागतं. म्हणून जाणकार वेलाची लांबी बघून खूश होत नाहीत. एका वेलाला रताळी किती, जाडी किती, एकूण वजनात मुळांचा वाटा किती, हे बघतात. तुमच्या पोरीच्या वहीत नेमकं हेच आहे म्हणता! पालाशासाठी राख टाकलेल्या ओळीत वजन जास्त भरलं, ते राखेमुळेच, असं मात्र तिने इतक्यात धरू नये. आपल्या काळ्या मातीत पालाश सहसा कमी नसतं. ती ओळ धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, भुसभुशीत जागेत असेल, तर तेवढ्यानेही रताळी पोसतात. आधी माती तपासा, मग ओळींच्या जागा बदलून तीन-चारदा लावून बघा. कृषी संशोधनाची सुरुवात अशीच होते.

सीईटी तिने दिलीच आहे. बीएस्सी कृषी त्यावर होते, चार वर्षांची, आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुम्हाला लांब नाही. पुढे मृदाशास्त्र किंवा वनस्पती पैदास. कंदपिकांची केंद्रीय संस्था तिरुवनंतपुरमला 1963 पासून आहे. 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार नारिंगी रताळं आफ्रिकेत रुजवणाऱ्या शास्त्रज्ञांच्याही वाट्याला आला. पदवी हाती पडताच नोकरी मिळेल, असं मात्र मी म्हणणार नाही. गर्दी तिथेही आहे.

लातूरच्या चांगल्या क्लासचं नाव विचारलंत, ते देत नाही. पुन्हा नीट द्यायची असं ती स्वतः म्हणाली, तर तिलाच लिहायला सांगा. तुम्ही तेवढा सातबारा काढून ठेवा, कृषीच्या प्रवेशात शेती असल्याचा भारांक, म्हणजे जादा गुण, मिळतो.