चेंडू सुटला, डोकं आपटलं, आणि मिडटर्म चार दिवसांवर: किनेसिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे प्रश्न

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात एका विद्यापीठाच्या किनेसिऑलॉजी विभागात मी शिकवते आणि आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचं काम बघते. बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातून पालकांची पत्रं सुरू होतात, सप्टेंबरात टर्म लागली की इथे आलेल्या मराठी मुलांची. गोंधळ दर वर्षी तेच असतात. म्हणून या खेपेला एकत्र उत्तरं देते आहे. नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या विभागाच्या सल्लागाराचा धरा.

किनेसिऑलॉजी म्हणजे फिजिओथेरपीच ना? एजंट म्हणाले, चार वर्षांनी कॅनडात क्लिनिक टाकता येतं. (पालक, सांगली)

नाही. किनेसिऑलॉजी म्हणजे माणसाच्या हालचालीचा अभ्यास: शरीररचना, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स (हालचालीतल्या बलांचा हिशोब), मेंदू हालचाल कशी चालवतो ते, कामाच्या जागी पाठ-मनगटं कशी बिघडतात ते. या विषयाचा स्वतंत्र विभाग वॉटर्लू विद्यापीठात १९६७ साली सुरू झाला आणि तो जगातला पहिला मानला जातो. ऑन्टारियोत १ एप्रिल २०१३ पासून हा नियमन असलेला आरोग्यव्यवसाय आहे. पदवीनंतर इथल्या किनेसिऑलॉजिस्टांच्या नियामक कॉलेजची (इथे व्यवसायाचं नियमन करणाऱ्या संस्थेला कॉलेज म्हणतात) परीक्षा देऊन नोंदणी केली, तरच ‘किनेसिऑलॉजिस्ट’ म्हणवून घेता येतं.

फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर कॅनडात पदवीनंतर फिजिओथेरपीची वेगळी मास्टर्स करावी लागते आणि तिच्या जागा थोड्या, अर्ज ढीगभर. मुलाला फिजिओथेरपीच हवी असेल तर महाराष्ट्रातली बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, हा सरळ रस्ता आहे. पुढे कॅनडात यायचं ठरलं तर पदवीची पडताळणी आणि परीक्षा हे टप्पे असतात. पैसे भरण्याआधी विभागाला ईमेल करा आणि एकच विचारा, ‘या पदवीनंतर मुलगा कायद्याने कोणतं काम करू शकतो?’ प्रवेश झाला की अनेक एजंटांना संस्थेकडून कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवून त्यांचं ऐका.

आमच्या शहरात ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’चा दोन दिवसांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. त्याने प्रवेशाला वजन येईल का?

येणार नाही. ती १९६४ साली जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने (हातांनी मणके-सांध्यांवर उपचार करणाऱ्याने) काढलेली पद्धत आहे. हात दाबून स्नायूचा जोर बघायचा आणि त्यावरून अ‍ॅलर्जी, जीवनसत्त्वाची कमतरता, अवयवांचे आजार ओळखायचे, असा तिचा दावा. नीट चाचण्या घेतल्या तेव्हा ते निदान नाणेफेकीपेक्षा सरस ठरलं नाही. आमच्या विषयाशी तिचं नातं नावापुरतं. तेवढ्या पैशांत शरीररचनेचं चांगलं पुस्तक घ्या.

एक सल्लागार ४० हजार रुपयांत ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ मिळवून देतो म्हणतात. भरावे का?

भरू नका. इथल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाची प्रवेश-शिष्यवृत्ती बारावीच्या गुणांवरून आपोआप ठरते, तिला वेगळा अर्जच नसतो. जे आपोआप मिळणार होतं ते ‘मिळवून दिलं’ म्हणून पैसे घेणारे दर वर्षी भेटतात. मोठ्या शिष्यवृत्त्यांना खरंच तयारी लागते. उदाहरणार्थ, टोरांटो विद्यापीठाची लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्ती चार वर्षांची फी, पुस्तकं आणि वसतिगृह असा सगळा खर्च उचलते, पण तिच्यासाठी तुमच्या शाळेने किंवा ज्युनिअर कॉलेजने तुमचं नाव सुचवावं लागतं. ते काम प्राचार्यांचं आहे. बारावीच्या सुरुवातीलाच त्यांना भेटा, कारण डिसेंबरात धावाधाव करून काही हाती लागत नाही.

आणखी दोन घोटाळे दूर करते. ओसॅप ही ऑन्टारियो सरकारची मदत नागरिक, कायम रहिवासी आणि संरक्षण मिळालेल्या निर्वासितांसाठी आहे, स्टडी परमिटवर आलेल्यांसाठी नाही. आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून पदव्युत्तर शिक्षणासाठी जे देतं त्याच्या नावात शिष्यवृत्ती असली तरी ते कर्ज आहे, फेडायचं असतं. मास्टर्स किंवा पीएचडीसाठी येणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलत राहतात, त्या समाजकल्याण कार्यालयातूनच खात्री करून घ्या. इथे आल्यावर ऑन्टारियो ग्रॅज्युएट स्कॉलरशिपमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीही मोजक्या जागा असतात. तीन टर्मना मिळून ती १५ हजार डॉलर असते.

व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन कोण देऊ शकतं, याचाही कायदा आहे. वकील किंवा परवानाधारक सल्लागार, आणि त्या परवानाधारकांची यादी त्यांच्या नियामक कॉलेजच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव यादीत नसेल तर उठून या. खोट्या प्रवेशपत्रांमुळे भारतीय मुलं किती अडचणीत आली ते २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेतं.

डीन्स लिस्टमध्ये (उत्तम गुण मिळवणाऱ्यांच्या यादीत) नाव आलं. किती पैसे मिळतात?

सहसा काहीच नाही. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, नोंद येते, आणि ती पुढच्या अर्जांत उपयोगी पडते. अभिनंदन.

अ‍ॅनाटॉमी लॅबमध्ये खरे मृतदेह असतात असं कळलं. मला भीती वाटते आणि घरी आजीला ते पटणार नाही. टाळता येईल का?

बऱ्याच विभागांत पदवीच्या विद्यार्थ्यांना स्वतः चिरफाड करावी लागत नाही. आधीच विच्छेदन करून ठेवलेले भाग दाखवून शिकवतात. पहिल्या दिवशी कुणाला भोवळ येते, कुणी बाहेर जाऊन बसतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. टर्म सुरू व्हायच्या आधी लॅबच्या प्रमुखांना भेट, रिकामी लॅब दाखवायला सांग, अडचण धार्मिक असेल तर तेही मोकळेपणाने सांग. पर्याय निघतो का ते तिथेच कळेल.

आजीला मात्र एवढं सांग की तिथले बहुतेक देह कुणीतरी जिवंतपणी सही करून दिलेले असतात. महाराष्ट्राला देहदान नवीन नाही. त्या माणसांबद्दलची कृतज्ञता आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. फोटो काढणं, हसणं-खिदळणं चालत नाही. खांद्याचा सांधा चित्रात वीसदा पाहिला तरी जे कळत नाही, ते तिथे एकदा हातात घेतल्यावर कळतं.

शनिवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळताना झेल घ्यायला दोघे धावलो. चेंडू सुटला आणि आमची डोकी आपटली. मी बेशुद्ध पडलो नाही. पण स्क्रीनकडे पाहिलं की डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. गुरुवारी बायोमेकॅनिक्सची मिडटर्म आहे. शिष्यवृत्ती टिकवायला ८० टक्के सरासरी लागते. रूममेट म्हणतो दोन गोळ्या घे आणि पेपर दे. सीनियर म्हणतो, सांगितलंस तर टीममधून काढतील. (दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

पेपर देऊ नकोस. हे वाचून झालं की लगेच कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात जा. त्याआधी हे तपास: डोकेदुखी वाढत चालली आहे का, पुन्हा पुन्हा उलटी होते आहे का, एकाची दोन दिसतात का, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी आहे का, मान दुखते का, झटका आला का, गुंगी किंवा गोंधळ वाढतो आहे का. यातलं एकही असेल तर आरोग्य केंद्राची वाट न बघता ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन कर.

आता सविस्तर सांगते. तू ज्याचं वर्णन करतो आहेस ते कन्कशनचं, म्हणजे मार बसून मेंदूच्या कामकाजात होणाऱ्या बिघाडाचं, असू शकतं. निदान डॉक्टर करतील, मी नाही, आणि तुझा रूममेट तर नक्कीच नाही. ‘बेशुद्ध पडलो नाही म्हणजे काही झालं नाही’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता राग येतो. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. सीटी स्कॅनही बहुतेकदा स्वच्छ येतो, कारण बिघाड मेंदूच्या कामकाजात असतो, चित्रात दिसेल असा नसतो.

रोवन स्ट्रिंगर हे नाव ऑन्टारियोत खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ऑटवाची ही सतरा वर्षांची मुलगी शाळेकडून रग्बी खेळायची. २०१३ च्या मे महिन्यात आठवडाभरात तिच्या डोक्याला एकापाठोपाठ मार बसले. आपल्याला कन्कशन झालं असेल अशी शंका तिला स्वतःला आली होती. तिने मोबाइलवर त्याची माहितीही शोधली होती. मोठ्या माणसांपैकी कुणाला सांगितलं नाही, पुढची मॅच खेळली, पुन्हा मार बसला आणि ती गेली. आधीचा मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. तिच्या नावाने ऑन्टारियोने २०१८ साली रोवन्स लॉ केला. शंका आली की खेळाडूला मैदानाबाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय परत घ्यायचं नाही, हा त्याचा गाभा. शनिवारच्या हौशी क्रिकेटला कोच नसतो, नोंद ठेवणारं कोणी नसतं, म्हणून तिथला मार सगळ्यात जास्त लपतो. सीनियर म्हणतो तसं टीमबाहेर बसावं लागेल, हो. बसायचं.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, हा सल्लाही जुना झाला. २०२२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली. तिच्या मतानुसार पहिले एक-दोन दिवस कामं कमी करायची, स्क्रीन कमी, आणि मग त्रास फार वाढणार नाही इतपत चालणं सुरू करायचं. आधी अभ्यासाकडे परतायचं, पूर्ण खेळाकडे नंतर. गाडी चालवू नकोस, दारू नको, गोळी कोणती ती डॉक्टरांना विचार. डोकेदुखी दाबून पेपर दिलास तर मेंदू बरा झालेला नसतो, तुला फक्त ते कळत नसतं. नीट काळजी घेतली तर बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात.

आणि शिष्यवृत्ती. तिच्या भीतीनेच तू लपवतो आहेस, म्हणून हे नीट वाच. आरोग्य केंद्रात पडताळणीचा फॉर्म भरून घे. पेपरच्या आधी प्राध्यापकांना ईमेल कर, दोन ओळी पुरतात. अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिसेसकडे जा. ते कायमच्या अपंगत्वासाठीच आहे असा समज आहे, पण तात्पुरत्या दुखापतीसाठीही तिथे जादा वेळ, मध्ये विश्रांती, स्क्रीनऐवजी कागदावर पेपर, वर्गाच्या नोट्स अशा सोयींची विचारणा करता येते. मग शिष्यवृत्त्या बघणाऱ्या पुरस्कार कार्यालयाला कळव. वैद्यकीय कारण वेळेत कळवलं तर सरासरीच्या अटीबाबत विनंती करायला जागा असते. पेपर देऊन नापास झाल्यावर आलास तर अनेक ठिकाणी ‘परीक्षेला बसलात म्हणजे बसण्याच्या स्थितीत होतात’ असं धरतात.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे एप्रिलमध्ये आली. डोक्याला मार ऑक्टोबरात बसला होता. सहा महिने तिने आईवडिलांना आणि आम्हाला काही सांगितलं नाही. तोवर तीन विषय गेले होते, शिष्यवृत्ती गेली होती, आणि ऑक्टोबरातला एकही कागद नव्हता ज्याच्या आधारे मला तिच्यासाठी भांडता आलं असतं. ऑन्टारियोतल्या परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठातर्फे यूहिप हा आरोग्यविमा असतो, त्याचे पैसे फीबरोबर तू भरलेलेच आहेस. कार्ड खिशात घालून आजच जा.

मुलगी फोनवर तुटक बोलते, रडते. विभागाला फोन केला तर गुणसुद्धा सांगत नाहीत. फी आम्ही भरतो! (आई, नाशिक)

तुमची घालमेल समजते. फी कुणीही भरली तरी विद्यार्थ्याची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय आम्हाला देता येत नाही, इथला गोपनीयतेचा कायदा तसा आहे. पण तुम्ही आम्हाला सांगू शकता. ‘मला काळजी वाटते, कृपया तिला भेटा’ एवढं कळवलंत तर आम्ही तिच्यापर्यंत पोहोचतो. तिला गुड टू टॉक ही ऑन्टारियोतल्या कॉलेज-विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर ९८८, कॅनडात कुठूनही फोन किंवा मेसेज. लगेच धोका असेल तर ९११. गुणांचा विषय आज काढू नका, जेवलीस का विचारा. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला अंधार पडतो आणि घरापासून दूर पहिला नोव्हेंबर अवघड जातो. पण ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडूनही देऊ नका. समुपदेशकाची वेळ घ्यायला लावा.

एक विषय झेपत नाही. सोडला तर चालेल?

एकट्याने ठरवू नकोस. पूर्णवेळ विद्यार्थी राहिला नाहीस तर शिष्यवृत्ती, कॅम्पसबाहेर काम करण्याची मुभा आणि पुढचा पदवीनंतरचा वर्क परमिट, तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. आजारपणासाठी मंजूर रजा हा वेगळा रस्ता आहे, तिला १५० दिवसांची मर्यादा असते. विषय सोडण्याच्या तारखेआधी विभागाचा सल्लागार आणि परदेशी विद्यार्थ्यांचा सल्लागार, दोघांना भेट. पहिला परमिटबद्दल बोलू शकत नाही, दुसरा अभ्यासक्रमाबद्दल.

मॅम, एका अ‍ॅवॉर्डची मुदत उद्या संपते. आज रात्री शिफारसपत्र मिळेल का?

नाही. चांगल्या पत्राला मला तीन आठवडे लागतात, आणि घाईतलं पत्र निवड समिती पहिल्या परिच्छेदात ओळखते. सोमवारी ये. येताना ट्रान्स्क्रिप्ट आण, लॅबमध्ये नेमकं काय केलंस ते अर्ध्या पानात लिहून आण. विभागाच्या पुढच्या अ‍ॅवॉर्डची तारीख बघू आणि त्याचं पत्र आत्तापासून सुरू करू.