उशाशी भरलेली बाटली

ताई,
लग्नाला तेरा वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. आम्ही दोघंही नोकरी करतो. माझी तक्रार एकच आहे, बायको वेळेवर झोपत नाही. मी दहाला आडवा होतो, ती एक-सव्वापर्यंत जागीच. परवा रात्री दीडला जाग आली, उशाशी बाटली होती, तिच्यातलं पाणी प्यायलो आणि बघतो तर ही शेजारी नाही. स्वयंपाकघरात अंधारात खाली बसून मोबाईल बघत होती. पावणेसहाला पुन्हा तिचा गजर. मग दिवसभर चिडचिड, मुलांवर ओरडणं. मी हजारदा सांगतो, राहू दे, सकाळी बघू. ऐकत नाही. अशा उगाच जागण्याला ‘बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन’ म्हणतात असं वाचलं, तो लेख तिला पाठवला, तर दोन दिवस बोलली नाही. झोपच येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. सुट्टीत बहिणीकडे गेलो होतो, तिथे पहिल्याच रात्री साडेनऊला ढाराढूर. तिला विचारलं तर म्हणते, सवय झालीय, काही होत नाही. मी घरात जमेल ते करतो. मुलांना शाळेत सोडतो, बिलं भरतो, रविवारचे कपडे माझ्याकडे. दहानंतर तिचा मोबाईल काढून घ्यावा का? की डॉक्टरकडे न्यावं?
— काळजीत असलेला नवरा

ती बाटली कोण भरतं?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बाटलीपाशी अडखळले. तुम्ही तिच्याबद्दल अर्धं वाक्य लिहिलंय, ‘उशाशी बाटली होती’. जशी काही ती तिथेच उगवली. तेरा वर्षांत ती बाटली एखाद्या रात्री रिकामी सापडली असं झालंय का? झालं असतं तर तुम्ही लिहिलं असतं. रिकामी बाटली लक्षात राहते. भरलेली दिसत नाही.

मला वाटतं तुमच्या घरात दहा ते एक या वेळात काय होतं हे तुम्हाला खरोखरच माहीत नाही. तुम्ही ते कधी पाहिलेलंच नाही, कारण तेव्हा तुम्ही झोपलेले असता. म्हणून मी सांगते. उरलंसुरलं काढून ठेवणं, झाकपाक, खरकटी भांडी, ओटा पुसणं. डबे धुतले का, ते वाळतील असे उपडे घातले का. उद्या सकाळी काय करायचं आणि त्याला लागणारं घरात आहे का. मुलीचा गणवेश वाळलाय का. मुलाच्या दप्तरातून चुरगळलेला कागद काढून त्यावर सही करणं, आणि तो शाळेने परवा मागितला होता हे आठवून स्वतःवरच चिडणं. मग गॅस, खिडक्या, दाराची कडी. सगळ्यात शेवटी, मोबाईल घेऊन टेकण्याआधी, तुमच्या उशाशी भरलेली बाटली.

आणखी एक. तुम्हाला जाग आली ती दीडला. त्याआधीच्या साडेतीन तासांत भांड्यांचा आवाज तुम्हाला आला नाही. भांडी आपोआप बिनआवाजी होत नाहीत हो. ती एकेक करून, हात आखडून, नळाची धार बारीक ठेवून लावावी लागतात. त्यात वेळ दुप्पट जातो. आणि ती अंधारात का बसली होती, याचा विचार केलात का? दिवा लावला तर त्याचा उजेड तुमच्या खोलीत येतो.

आता तुमचं ते ‘राहू दे, सकाळी बघू’. हे तुम्ही तुमची माया म्हणून लिहिलंय आणि माझा राग नेमका याच वाक्यावर आहे. ‘बघू’ म्हणजे कोण बघणार? पावणेसहाला गजर तिचा होतो. सकाळी ओट्यावर भांड्यांचा ढीग असेल तर डबे कशात भरायचे, हा प्रश्न तिच्या वाट्याला येणार. रात्रीचं काम सकाळवर ढकललं की तिचा गजर सव्वापाचला जातो, एवढंच. तिला ते कळतं, म्हणून ती ऐकत नाही. आणि तुम्ही तिला हट्टी समजता.

तुम्ही पाठवलेल्या त्या लेखाबद्दलही बोलायला हवं. ‘बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन’ हा शब्द 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे आणला. त्याची व्याख्या नीट वाचा. बाहेरचं कुठलंही कारण आड येत नसताना माणूस ठरवलेल्या वेळी झोपायला जात नाही, त्याला त्यांनी हे नाव दिलं. बाहेरचं कारण नसताना! तुमच्या बायकोला बाहेरचं कारण आहे. त्या कारणाच्या उशाशी पाण्याची बाटली आहे. तो लेख मिळाल्यावर ती दोन दिवस बोलली नाही, मी चार दिवस बोलले नसते.

मग मोबाईल कशाला बघते, असं तुम्ही विचाराल. अहो, सगळ्यांची निजानीज झाल्यावर मिळालेली ती वीस-पंचवीस मिनिटं दिवसभरात तिची एकटीची आहेत. त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. तीसुद्धा काढून घ्यायची म्हणताय?

बहिणीकडचा किस्सा तुम्ही लिहिलात ते फार बरं केलं, पण त्याचा अर्थ उलटा लावलात. काही माणसं खरंच उशिरा झोपणारी असतात, हे खोटं नाही. शरीरात घड्याळ असतं, ते चालवणाऱ्या जनुकांचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. पण ते घड्याळ घर बदललं म्हणून एका रात्रीत साडेतीन तास मागे येत नाही. लांबचा विमानप्रवास केल्यावरसुद्धा ते साधारण दिवसाला तासभर या चालीनं सरकतं. तुमची बायको पहिल्याच रात्री साडेनऊला झोपली, कारण तिच्या अंगात झोप साचलेली होती आणि त्या घरात शेवटचा दिवा दुसरं कुणी मालवणार होतं. उत्तर तुम्ही तिथल्या तिथे बघितलंत आणि ओळखलं नाहीत.

‘सवय झालीय, काही होत नाही’ यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. पेनसिल्वेनिया विद्यापीठातला एक प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. धडधाकट माणसांना 14 दिवस रोज ठरावीकच वेळ झोपू दिलं, काहींना 4 तास, काहींना 6, काहींना 8. चार आणि सहा तासवाल्यांची लक्ष देण्याची कुवत दोन आठवड्यांत एक-दोन सबंध रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली. आणि विचारलं तर त्यांना स्वतःला फारशी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. सवय झाल्यासारखं वाटणं हाही त्या तुटवड्याचाच भाग आहे. मोठ्या माणसाला रोज किमान 7 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 मध्ये एकत्र येऊन सांगितलं. तुमची बायको साडेचार तासांवर आहे. त्यातही कापली जाते ती पहाटेची झोप, जिच्यात स्वप्नांचा वाटा जास्त असतो आणि मनाचा शीण बराच उतरतो. दिवसभराची चिडचिड तुम्ही तिच्या स्वभावाच्या खात्यात टाकलीत. ती तिथली नाही.

पावणेसहाला उठायचं तर पावणेअकराला झोप लागायला हवी. म्हणजे दहा-सव्वादहाला पाठ टेकायला हवी. जी वेळ आज तुमची आहे.

तेव्हा आज रात्रीपासून घर तुम्ही मिटायचं. मदत नाही, वाटणी नाही, एक दिवसाआड नाही. जेवणं झाली की ती उठेल आणि खोलीत जाईल, नंतरचं सगळं, कडी लावेपर्यंतचं, तुमचं. शाळेत सोडणं, बिलं, रविवारचे कपडे, हे सगळं तुम्ही करता ते मला दिसलं, पण ते दिवसाउजेडी करायचं आहे आणि संपलं की संपतं. रात्रीचं काम संपल्याशिवाय माणसाला झोपता येत नाही, हा फरक आहे.

तिला विचारत बसू नका. ‘हे कुठे ठेवू?’ असं दारातून विचारलंत की ती उठलीच म्हणून समजा. तेरा वर्षं त्या घरात राहता, फडकं कुठे असतं ते शोधा. पहिले काही दिवस ती दहा वेळा बाहेर येईल, तुम्ही पुसलेला ओटा पुन्हा पुसेल. रागावू नका आणि ‘बघ, तुलाच राहवत नाही’ असंही म्हणू नका. हे वाक्य जिभेवर येईल, गिळा. एखाद्या सकाळी काहीतरी राहिलेलं निघेल, गणवेश ओला असेल, कागदावर सही नसेल. ते निस्तरायलाही तुम्हीच उठायचं, पावणेसहाला. त्याशिवाय रात्री काय काय आठवावं लागतं हे कळायचं नाही.

तुमची झोप कमी होईल का? सुरुवातीला होईल. तुम्हाला तीन तास लागतील. मग तुम्ही हळूच मुलीला ताटं उचलायला सांगायला लागाल, मुलाला दप्तर जेवणाआधी भरायला लावाल, दोन कामं संध्याकाळीच उरकाल आणि तीन तासांचा सव्वा तास होईल. हे शहाणपण तिला सुचलं नाही असं समजू नका. एकटीने सांगून ते घरात रुजत नाही, तुम्ही त्या ओट्यापाशी उभे राहिल्यावर रुजेल.

डॉक्टरचं म्हणाल तर, आडवं पडायला पुरेसा वेळ मिळूनही तिला आठवड्यातून निदान तीन रात्री झोप लागत नाही आणि हे तीन महिने चालू राहिलं, तर जरूर न्या. मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्याआधीच न्या. पण जिला झोपायला वेळच मिळालेला नाही, तिच्यासाठी झोपेची गोळी मागायला जाऊ नका.

माझा पाय मोडला होता तेव्हाची गोष्ट सांगते. सहा आठवडे मी पलंगावर. माझ्या नवऱ्याला तोवर घरातलं फारसं काही करावं लागलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी पडल्या पडल्या ऐकत होते. नळ बंद झाला, गॅसचं बटण फिरल्याची टकटक आली, मग त्याच्या चपला दारापर्यंत गेल्या आणि कडी लागली. लग्न झाल्यापासून तो आवाज मी आडवी असताना कधीच ऐकला नव्हता. लहानपणी ऐकायची, आई लावायची तेव्हा, आणि त्यानंतर जी झोप लागायची तशी पुन्हा कधी लागली नव्हती. मला रडू आलं. तो खोलीत आला आणि म्हणाला, पाय दुखतोय का? मी हो म्हणाले. त्याला तेव्हाही काही सांगितलं नाही, आणि पाय बरा झाल्यावर उठून पुन्हा माझी मीच कडी लावायला लागले. ती माझी चूक होती आणि ती मी पुढची किती वर्षं करत राहिले.

तुम्ही तेरा वर्षं रोज रात्री, ती कडी दुसरं कुणी लावणार या भरवशावर झोपला आहात. आज दोन बाटल्या भरा, एक तिच्या बाजूला ठेवा. भांड्यांचा आवाज शक्यतो होऊ देऊ नका, तिने तुमच्यासाठी केलं तेवढं तरी. पण कडी लावताना मात्र हात आखडू नका. ती लागल्याचं तिला आत ऐकू जाऊ दे.